काळ्या दारामागचा जॉर्ज

२००३ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी मी पहिल्यांदा एका धडधाकट, शिकल्यासवरल्या माणसाला उलट्या पावलांनी खोलीत जाताना बघितलं. काळा कोट, पांढरे हातमोजे, हातात ट्रॉलीचा दांडा. तोंड दाराकडे, पाठ जेवणाऱ्यांकडे. ट्रॉली ओढत ओढत तो मागे मागे गेला, ती टेबलाशी लावली आणि मान न वळवता सरळ बाहेर आला. बाहेर येऊन त्यानं हातमोजे काढले, एक बोट डाव्या डोळ्याखाली टेकवलं आणि मला मराठीत म्हणाला, "आपण काही पाहिलं नाही हं, पेंटर."

मी म्हटलं, "बघितलं की. त्यांनी तुमची पाठ बघितली, तुम्ही त्यांचं तोंड बघितलं नाही. माणसानं माणसाला वाढायची ही कुठली तऱ्हा?"

तो हसला. मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण त्या गावी जाऊन आलेत. लंडनच्या हॅरोहून, हाउन्सलोहून कोच करून जाता. मुलांना दाखवता, बघ, मोठं होऊन इथं शिकायचं. जुन्या दगडी इमारती, पाय ठेवायला बंदी असलेली हिरवळ, नदीत होड्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. एका गल्लीत विद्यार्थ्यांचे काळे झगे विकणारं दुकान आहे, त्याच्यापुढे सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दोघांच्या मधे एक काळं दार. नंबर नाही, घंटी नाही, पाटी नाही. पत्र टाकायची फट आहे ती आतून पट्टी मारून बंद. तुम्ही त्या दाराला पाठ लावून फोटोसुद्धा काढला असेल. चांगला येतो, कारण दाराचा रंग चांगला आहे. त्यातला खालचा थर माझा.

दारामागे एक जिना आणि वर एक हॉल. रस्त्याकडच्या खिडक्या आतून विटांनी बुजवलेल्या, पण बाहेरून काचा आणि पडदे तसेच ठेवलेले. खालून बघणाऱ्याला वाटावं की वर कुणाचं तरी बिऱ्हाड आहे. उजेड येतो तो छतातल्या एका काचेतून. लांब टेबल, उंच पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर रानडुकराचं मुंडकं. हे विद्यापीठातल्या पोरांचं गुप्त मंडळ. लॉर्डांची पोरं, बँकवाल्यांची पोरं, मिसरूड नुकतं फुटलेली. शपथ घेऊन आत जायचं, बाहेर बोलायचं नाही. आणि टेबलाभोवती बसलेलं मंडळ बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडता कामा नये, म्हणून वाढप्यानं पाठमोरं यायचं. शे-दीडशे वर्षं असंच चाललंय म्हणे. एखादी घाण फार वर्षं साचली की तिला परंपरा म्हणतात. इथंही म्हणतात, आपल्याकडेही म्हणतात.

आत काय गुपित होतं ते मी सांगतो, मी काही शपथ घेतलेली नाही. काही नव्हतं. बकाबका खायचं, दारू प्यायची, गाणी म्हणायची, एकमेकांना मोठमोठ्या पदव्या द्यायच्या आणि पेला रिकामा झाला की तो भिंतीवर फोडायचा. झालं गुपित. आमच्या गावी शिमग्याला पोरं याच्यापेक्षा बरं वागायची, आणि चव्हाट्यावर वागायची.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. शाळा चौथीपर्यंत. हाउन्सलोला आयुष्यभर रंगकाम केलं, विमानतळाच्या शेड रंगवल्या, लोकांच्या बैठकी रंगवल्या. बायको गेली, मग मुलगी मला घेऊन गेली. ती त्या गावच्या हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, "बाबा, आता बसा." मला बसता येत नाही. एक दिवस बसस्टॉपवर उभा होतो. ड्रायव्हरनं मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि बस पुढे नेली. मी त्याला मराठीत जे काय म्हणायचं ते म्हटलं, अगदी त्याच्या पणजोबापर्यंत गेलो. मागून आवाज आला, "अहो, जरा हळू. इथं कळणारा एक माणूस आहे."

असे आम्ही भेटलो, मी आणि ते उलट्या पावलांनी चालणारे गृहस्थ. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे, शिडशिडीत, दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश असं की त्यात ढग दिसावेत. बोलणं गिरगावातलं, शुद्ध. मी रंगारी आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग आमच्या घराला एका रंगाऱ्याची गरज आहे." आमचं घर! मला वाटलं खरंच घर असेल.

मी नाव विचारलं. तर म्हणाले, "इथं मला जॉर्ज म्हणतात."

पुढे कळलं, की त्या मंडळाचा जो कुणी कारभारी असेल त्याला जॉर्जच म्हणायचं. याच्या आधीचा जॉर्ज, त्याच्या आधीचा जॉर्ज. माणूस मरतो, जातो, जॉर्ज तिथंच. पोरांना नवीन नाव पाठ करायची तसदी नको. आणि या माणसाला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की घरचा फोनसुद्धा उचलून म्हणायचे, "जॉर्ज स्पीकिंग."

मी म्हटलं, "मी तुम्हाला जॉर्ज म्हणणार नाही. मरेपर्यंत नाही. खरं नाव सांगा."

"ते झाकून ठेवलंय," म्हणाले. "त्याला एक दिवस ठरलाय. तोवर तुम्ही काय हवं ते म्हणा."

मी नाना म्हणायला लागलो.

दर टर्म संपली की भिंत नीट करायला ते मला बोलवायचे. काचांनी प्लॅस्टर उडालेलं असायचं, तांबड्या दारूचे ओघळ, कधी आणखीही काय काय, ते लिहीत नाही. घाणीचा भाग नाना आधी स्वतः धुऊन ठेवायचे, मला त्याला हात लावू द्यायचे नाहीत. भिंतीला बिनचकाकीचा मॅट रंग, दाराला चकाकणारा ग्लॉस. मॅट रंग बिचारा सगळं पोटात घालतो. ग्लॉस चुगलखोर. खाली केसाएवढा उंचवटा असू दे, वर चकाकी आली की तो उठून दिसतो. म्हणून ग्लॉस मारायच्या आधी घासून घासून जीव जातो. नानांना हे फार आवडलं. म्हणाले, "म्हणजे मी मॅट, तुम्ही ग्लॉस."

तेवढं बरोबर बोलले.

काम झालं की मागच्या छोट्या स्वयंपाकघरात चहा. मंडळाच्या चांदीच्या किटलीत आलं किसून घालायचे, खोक्यावर बसायचे. कधी घरून डब्यात पोहे आणायचे, वर ओलं खोबरं. माझ्या वाट्याचे आधी काढून ठेवायचे आणि मी खाईपर्यंत स्वतःच्या डब्याला हात लावायचे नाहीत. सवयच ती, दुसऱ्याचं जेवण होईपर्यंत उभं राहायची. मी ओरडायचो, "बसा हो! मी काय लॉर्ड आहे?" मग कसेबसे बसायचे, खोक्याच्या कडेवर.

एका उन्हाळ्यात पोरांनी खाली येऊन सायकलवाल्याच्या काचेत खुर्ची घातली. कशासाठी? काहीच नाही. हवा छान होती म्हणून. पोलीस आला, मी तेव्हा दाराच्या चौकटीला पुट्टी भरत होतो. त्यानं नानांना नम्रपणे विचारलं. नानांनी तितक्याच नम्रपणे सांगितलं, "आपण काही पाहिलं नाही, ऑफिसर." सायकलवाला, म्हातारा गोरा, ग्रीसनं काळे झालेले हात लोंबत सोडून बघत होता. त्याच्या दुकानात आमची ओकची खुर्ची पडलेली, तिच्यावर मंडळाचं चिन्ह कोरलेलं. आणि हे म्हणतात पाहिलं नाही.

पोलीस गेल्यावर मी म्हटलं, "नाना, लाज वाटत नाही? त्या गरिबानं काय केलं होतं?"

"पेंटर, या घराचं मीठ खातो मी."

"मीठ तुम्ही स्वतः बाजारातून उचलून आणता. मी बघितलंय. पिशवी तुमची, खांदा तुमचा."

नाना आत गेले, झाडू आणला आणि सायकलवाल्याच्या दुकानातली काच गोळा करायला लागले. सायकलवाला त्यांच्याशी एक अक्षर बोलला नाही. नानांनी सगळी काच भरली, एका चाकाचा टायर फाटला होता तो बाजूला काढून ठेवला, आणि वाकलेलेच बाहेर आले. आता अशा माणसावर रागवायचं तरी किती? मी तरी रागावलो. मला जमतं.

खरा राग पुढे आला. असाच चहा चालला होता. मी माझ्या बापाचं सांगत होतो. माझा बाप गिरगावात घरगडी होता. त्या काळात मुंबईत घरगड्याला नाव नसायचं, सगळ्यांना रामा म्हणायचे. "आमचा रामा सुट्टीवर गेलाय, तुमचा रामा पाठवा." माझ्या बापाचं नाव शिवराम नव्हतं, सीताराम नव्हतं, कुठलाच राम त्याच्या नावात नव्हता. तरी जन्मभर रामा. तापानं फणफणून गावी परत आला तेव्हा आईनं नावानं हाक मारली, तर बराच वेळ त्याला कळेच ना, की ही कुणाला हाक मारतेय.

नाना किटलीकडे बघत म्हणाले, "आमच्याकडेही होता एक रामा. मला खांद्यावर घेऊन चौपाटीला न्यायचा. काय बरं त्याचं..." आणि थांबले.

मी कप ठेवला. हळू ठेवला नाही. म्हटलं, "आणि म्हणून तुम्ही इथं जॉर्ज झालात होय? फेडताय?" ब्रश तसेच टाकून निघून आलो. अर्धा दरवाजा रंगवायचा राहिला होता. राहू दे म्हटलं, दिसू दे लोकांना.

पुष्कळ दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग एका दुपारी नाना माझ्या मुलीच्या घरी आले. कोट, पॉलिशचे बूट, बाहेर पाऊस. दारातच उभे राहिले. म्हणाले, "पेंटर, मी खूप आठवून पाहिलं. त्याचं नाव नाही आठवत. आठवणार कसं, कधी विचारलंच नव्हतं. त्याचं तोंड आठवतं, डाव्या कानाला भोक होतं तेही आठवतं. नाव नाही." छत्री मिटलेली हातात, तिच्यातून पाणी गळतंय. "एवढंच सांगायचं होतं."

मी म्हटलं, "आत या. आणि पुढून या, उलटे येऊ नका." मुलगी हसायला लागली, आणि ते खरंच हसले.

तो ठरलेला दिवस कुठला, ते मला आणखी वर्षभरानं कळलं. मी हॉलमध्ये शिडीवर, छताच्या काचेभोवती रंग लावत होतो. नानांना वाटलं मी खाली गेलोय. ते आत आले, सरळ तोंडानं. रिकाम्या टेबलाशी गेले, टोकाच्या खुर्चीमागे उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि इंग्रजीत मोठ्यानं म्हणाले, "माय नेम इज..." आणि पुढे पूर्ण नाव. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. वडिलांच्या नावाशी आवाज जरासा चढला. मग पुन्हा पहिल्यापासून, जरा सावकाश.

मी खाकरलो. शिडीवरचा माणूस खाकरला नाही तर काय करील? वर बघून ते इतके लाजले की मलाच उतरावंसं वाटलं.

मग सगळं सांगितलं. वडील वकील, गिरगावात नाव असलेले. मुलानं विलायतेला जाऊन, याच विद्यापीठात कायदा शिकावा, हे त्यांनी मुलगा पाळण्यात असतानाच ठरवलेलं. मुलगा कॉलेजात इंटरच्या परीक्षेला दोनदा बसला, दोनदा नापास. तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी बोटीवर भटारखान्यात नोकरी धरली. वडील दारात उभे राहून म्हणाले, "जिथं जाशील तिथं जा, माझं नाव लावू नकोस."

"मी विलायतेला आलो, पेंटर," नाना म्हणाले. "त्यांना हव्या त्या गावीही आलो. फक्त जिना मागचा."

आणि मंडळाची रीत अशी होती: कारभारी कायमचा निघतो त्या दिवशी त्याला पुढच्या दारानं आत घ्यायचं, टेबलाशी बसवायचं, पोरांनी त्याला वाढायचं. शेवटी अध्यक्षानं उभं राहून विचारायचं, "तुझं नाव काय?" त्यानं नाव सांगायचं आणि सगळ्यांनी उभं राहून त्या नावानं पेला उचलायचा. आधीच्या जॉर्जचं असंच झालं होतं. नाना तेव्हा नवीन होते, दाराबाहेर उभं राहून त्यांनी ऐकलं होतं. पोरं उभी राहिली होती, एकदम शांत. त्या म्हाताऱ्याचं खरं नाव त्या गावात आता फक्त नानांना पाठ होतं.

म्हणजे हा माणूस एवढी वर्षं ओकाऱ्या पुसत होता, पाठमोरा चालत होता, पोलिसाशी खोटं बोलत होता, ते याच्यासाठी. एकदा, त्या टेबलाशी, बापाचं नाव लावून आपलं नाव सांगायचं.

मी म्हटलं, "नाना, त्या पोरांना ही रीत माहीत आहे का?"

"त्यांना कशी असणार? तीन वर्षांत पोरं बदलतात. मीच सांगेन अध्यक्षाला."

"काय सांगणार? माझं नाव विचारा म्हणून?"

"छे! असं कसं सांगता येईल? शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो, एवढं सांगेन. प्रश्न कुठला तेही सांगेन. पुढचं त्याला कळेल. शिकलेला मुलगा आहे."

शिकलेला! तिथंच मला कळायला हवं होतं, आणि मला कळलंही होतं. मी बोललो, त्यांनी ऐकलं नाही.

२००६ चा जून. परीक्षा संपल्या होत्या, रविवारची दुपार. नानांनी नवीन सूट शिवला होता, राखाडी. त्यांची बायको आधीच गेलेली. मुलगा बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरमध्ये. त्याला बोलावलं होतं, तर फोनवर म्हणाला, "डॅड, संडेला मला जमणार नाही. आणि इट वॉज जस्ट अ जॉब, ना? मी मंडेला सकाळी गाडी घेऊन येतो. तुमची बॅग्ज रेडी ठेवा." नाना दुसऱ्या दिवशी कायमचे त्याच्याकडे जाणार होते.

म्हणून मला म्हणाले, "तुम्ही या, पेंटर. मागे स्वयंपाकघरात थांबा. नाव मराठी आहे, ते ऐकणारं कुणीतरी आपलं असावं."

मी दाढी करून गेलो. स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवून उभा राहिलो.

नाना पुढच्या दारानं आले, जिना चढले, आणि तोंड पुढे करून त्या भरलेल्या हॉलमध्ये शिरले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टोकाच्या खुर्चीवर बसवलं. क्षणभर मलाही वाटलं, की आपण उगाच शिव्या देतो, पोरं तशी बरी आहेत.

मग एक लांबडं पोर हातावर नॅपकिन टाकून आलं. पाठमोरं. नानांसारखं वाकून, नानांसारखी छोटी पावलं टाकत, ढुंगण हलवत ट्रॉली ओढत आलं आणि नानांचा आवाज काढून म्हणालं, "व्हेरी गुड, सर! आय सॉ नथिंग, सर!" टेबल खदखदून हसलं. नानाही हसले. त्यांना वाटलं असेल की हा रीतीचाच भाग. दर पदार्थाला तेच. सूपला तेच, मटणाला तेच. नाना प्रत्येकाला "थँक यू, सर" म्हणत होते. खात काहीच नव्हते.

शेवटी अध्यक्ष उठला. गोबऱ्या गालांचा, डोळे तांबारलेले. पेल्यावर चमचा वाजवला आणि म्हणाला, "मंडळ विचारतं, तुझं नाव काय?"

नाना उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. "माय नेम इज..." म्हणाले.

"जॉर्ज!" अध्यक्षच ओरडला. आणि सगळं टेबल, "जॉर्ज! जॉर्ज! जॉर्ज!" मुठी आपटत. प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठच होतं ना. शिकलेली पोरं. सगळे उठले, जॉर्जच्या नावानं प्यायले आणि पेले भिंतीवर फोडले. त्याच आठवड्यात रंगवलेली भिंत.

नाना उभेच होते. तोंड अर्धवट उघडं. मग मिटलं. मग काय केलं माहीत आहे? खाली वाकले आणि नव्या सुटाच्या खिशातला रुमाल काढून काचा वेचायला लागले.

मी दार ढकललं. तोंड पुढे करून, सरळ, त्या मंडळासमोर गेलो. त्यांच्या सात पिढ्यांत बाहेरच्या कुणी बघितलं नसेल तसं एकेकाचं थोबाड नीट बघून घेतलं. कोणीतरी म्हणालं, "हा कोण?"

"पेंटर," मी म्हटलं. माझं इंग्रजी भिंती रंगवण्यापुरतं आहे, पण त्या दिवशी पुरलं. अध्यक्षाला म्हटलं, "पुन्हा विचार. तू विचारलंस, त्यानं उत्तर दिलेलं नाही. पुन्हा विचार आणि गप्प उभा राहा."

त्या पोराच्या तोंडावरची दारू उतरली, हे मी कबूल करतो. त्याला काहीतरी कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आय ॲम सॉरी. तुमचं नाव काय आहे?"

नाना उठले. रुमालात काचा. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हाताचं एक बोट कापलं होतं.

"जॉर्ज, सर," म्हणाले.

आणि पुढच्या दारानं जिना उतरून गेले.

मी गल्लीत त्यांना गाठलं. माझं डोकं फिरलं होतं. "का? का नाही सांगितलं? विचारलं होतं ना त्यानं!"

"तुम्ही विचारायला लावलंत, पेंटर."

"मग काय झालं?"

"माझ्या वडिलांचं नाव आहे ते." बोटाला रुमाल गुंडाळत होते. "जॉर्ज त्या पोरांचा होता, तो त्यांना ठेवू दे. हे नाव त्यांना नाही द्यायचं, असं वाटलं मला. तिथं उभं राहिल्यावर वाटलं."

एवढे मोठे ते कधी मला दिसले नव्हते, आणि एवढे हरलेलेही. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, मला ठाऊक नाही. मी त्यांना घरापर्यंत सोडलं. दारात म्हणाले, "तुम्ही तरी ऐकलंय. शिडीवरून." मग बोट डोळ्याखाली नेलं, रुमाल बांधलेलं, पण नेहमीचं वाक्य काही बोलले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात बेसिंगस्टोकलाच ते वारले. मुलगा रडला. माणसं चांगलीच असतात हो, वेळेवर नसतात इतकंच. मंडळ अजून आहे. दारामागे आता कुठला जॉर्ज आहे ते मला माहीत नाही. तिथं जाऊन फोटो काढणाऱ्यांना मी काही बोलत नाही. फक्त दारावर तिरपा उजेड पडतो तेव्हा नीट बघा, म्हणतो. का, ते त्यांना सांगत नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी ब्रश आणि डबा घेऊन त्या गल्लीत गेलो. काळ्या दाराची छातीएवढ्या उंचीवरची फळी पुसली. पांढरा ऑइलपेंट घेतला, घट्ट, थेंबभरही न पातळ करता. आणि चौथीत गुरुजींनी जसं गिरवून घेतलं होतं तसं, देवनागरीत, शिरोरेघ ओढून, नानांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. एकदा लिहिलं, मग त्याच्यावरून पुन्हा जाड फिरवलं, अक्षरं बोटाला लागतील इतकं. मंडळवाले हे झाकायला वर काळा ग्लॉस मारणार, हे मला माहीत होतं. मारू देत. घासण्याची अक्कल त्यांना नाही, आणि ग्लॉस काय करतो ते मी तुम्हाला आधीच सांगितलंय. वाचता यायचं नाही त्यांना, म्हणजे नाव त्यांना दिलंही नाही. ज्याला वाचता येईल त्याच्यासाठी ते तिथं आहे.

शेवटची शिरोरेघ ओढत होतो तेव्हा सायकलवाल्यानं शटर वर केलं. बाहेर आला, ग्रीसचे हात पुसत दाराकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"ओला रंग आहे," मी म्हटलं. "हात लावू नका."